मॉर्मन ख्रिस्ती आहेत का? मावशीचा प्रश्न आणि दोन रकाने

वसईहून मावशीचा फोन आला. नात अमेरिकेत, युटा राज्यात नोकरीला. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलंय. "मुलगा चांगला आहे म्हणतात. दारू नाही, सिगारेट नाही, चहासुद्धा पीत नाही. नाताळ करतात, बायबल वाचतात. पण तो मॉर्मन आहे म्हणे. म्हणजे आपल्यातलाच ना रे?"

"चौकशी करून सांगतो," म्हणालो आणि फसलो. कारण एका शब्दात उत्तर देणारे खूप भेटले, फक्त त्यांचे शब्द एकमेकांशी जुळेनात. मॉर्मन स्वतःविषयी विचाराल तर शंकाच नाही. प्यू या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०११ साली अमेरिकेत विचारलं तेव्हा ९७ टक्के मॉर्मनांनी 'आमचा धर्म ख्रिस्तीच' असं सांगितलं. सर्वसाधारण अमेरिकनांपैकी हे मान्य असलेले ५१ टक्के निघाले. निम्मा देश एकीकडे, निम्मा दुसरीकडे किंवा कुंपणावर.

म्हणून दोन्ही घरं शेजारी-शेजारी ठेवून बघू. एका बाजूला कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट, म्हणजे नायसीयाची कबुली (चर्चमध्ये म्हणतात ते चौथ्या शतकातलं श्रद्धेचं निवेदन) मानणारे. दुसऱ्या बाजूला मॉर्मन.

उंबरठ्यावरून

बाहेरून पाहिलं तर फरक दिसतच नाही. संस्थेच्या अधिकृत नावातच येशू ख्रिस्त आहे: 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ती स्थापन केली. आज सभासद १ कोटी ७० लाखांवर आहेत. 'मॉर्मन' हे खरं तर टोपणनाव, आणि २०१८ साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ते वापरू नका असं आवर्जून सांगितलं. त्यांच्या जगप्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द गेला. मी इथे तो वापरतोय तो केवळ वाचकांच्या ओळखीचा म्हणून.

येशू देवाचा पुत्र, मरीयेच्या पोटी जन्मला, आपल्या पापांसाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, पुन्हा येणार. यातलं एकही वाक्य मॉर्मन माणूस नाकारणार नाही. उलट तो ते डोळ्यांत पाणी आणून सांगेल.

त्यांच्या रविवारच्या उपासनेला मी एकदा बसलोय. साधा हॉल, लाकडी बाकं, कुठेही क्रूस नाही, दानाची पिशवी फिरत नाही. पुढच्या टेबलावर पांढरं कापड. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा भाकरीचे तुकडे झाल्यावर गुडघे टेकून प्रार्थना वाचतो. शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मग बारा-तेरा वर्षांची पोरं, गळ्यात वडिलांकडून उसना घेतल्यासारखा टाय, ताटं घेऊन बाकांमधून फिरतात. आधी पावाचा तुकडा, नंतर इवल्याशा पेल्यात पाणी. द्राक्षारस नाही, पाणी! आपल्याकडे मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसलेल्या माणसाला हे सगळं अर्धं ओळखीचं आणि अर्धं चुकल्यासारखं वाटतं. पण प्रार्थनेचा आशय ऐका: पुत्राच्या देहाची आठवण, त्याचं नाव स्वतःवर घेण्याची तयारी, त्याच्या आज्ञा पाळण्याचं वचन. त्या हॉलमध्ये बसून 'हे ख्रिस्ती नाहीत' म्हणायला माझी तरी जीभ रेटली नाही.

देव म्हणजे कोण

जीभ अडखळते ती इथे. इ.स. ३२५ मध्ये नायसीयाला बिशप जमले तेव्हा प्रश्न होता, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला की पित्यासारखाच अनादी? उत्तर ठरलं: पुत्र आणि पिता यांचं तत्त्व एकच. पुढे ३८१ च्या परिषदेत कबुलीला आजचं रूप आलं. तीन व्यक्ती, पण देव एक. यालाच त्रैक्य म्हणतात. चर्चमध्ये रविवारी आपण ते घडाघडा म्हणतो. अर्थ विचारला तर दहातले आठ जण गडबडतील, मीही त्यातलाच.

मॉर्मन मात्र गडबडत नाहीत, कारण त्यांचं सोपं आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगवेगळे. एक त्यांच्या इच्छेत आणि हेतूत, तत्त्वात नव्हे. पित्याला माणसासारखं हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, आत्म्याला नाही. हे त्यांच्या ग्रंथात चक्क लिहिलेलं आहे.

पुढची पायरी अजून उंच. स्मिथने १८४४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे इलिनॉयच्या कार्थेज तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घालायच्या अडीच-तीन महिने आधी, एका प्रवचनात सांगितलं की देवही एके काळी आपल्यासारखा होता. पुढे अध्यक्ष झालेल्या लोरेन्झो स्नो यांनी हाच विचार दोन ओळींत बसवला: माणूस आज जसा आहे तसा देव कधी होता, देव आज जसा आहे तसा माणूस होऊ शकतो. नराचा नारायण होतो हे मराठी माणसाला नवीन नाही. पण नारायणही कधी नर होता, हे आपल्याकडच्या वारकऱ्यालाही पचायला जड जाईल, मग पोपचं काय घेऊन बसलात. आजचे मॉर्मन नेते त्यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल फारसं बोलत नाहीत. दुसरा अर्धा मात्र त्यांच्या शिकवणीच्या गाभ्याशी आहे.

यावर मॉर्मनांचं उत्तर हुशार आहे, तेही ऐकायला हवं. पेत्राने आणि पौलाने नायसीयाची कबुली कधी ऐकली होती? ते तर तीनशे वर्षं आधीचे. मग ते ख्रिस्ती नव्हते? आम्ही चौथ्या शतकातले ख्रिस्ती नाही, पहिल्या शतकातले आहोत. शिवाय पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतही माणसाचं 'देवत्वात सहभागी होणं' आहेच की.

मला हे उत्तर अर्धंच पटतं. पेत्राला तो शब्द ठाऊक नव्हता हे खरं, पण पेत्र यहुदी होता. एकच देव, आकाश-पृथ्वीचा कर्ता, ज्याच्याआधी कोणी नाही आणि ज्याच्यासारखा कोणी नाही, हे त्याने आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. ऑर्थोडॉक्स माणूस देवत्वात सहभागी होतो तेव्हाही निर्माता आणि निर्मिती यांच्यातली दरी बुजत नाही. मॉर्मन विचारात ती दरीच नाही. देवाने शून्यातून जग केलं नाही, असलेल्या पदार्थाला आकार दिला. देव आणि माणूस एकाच जातीचे, फक्त एक वाटेवर फार पुढे गेलेला. हा शब्दांचा फरक नव्हे. घराच्या पायाचाच फरक आहे.

पुस्तकं

हे लवकर उरकतो. ख्रिस्ती परंपरेत बायबल पुरं झालं. मॉर्मनांकडे चार ग्रंथ: बायबल (जितकं अचूक भाषांतरित झालंय तितकं प्रमाण), 'बुक ऑफ मॉर्मन' आणि आणखी दोन. 'बुक ऑफ मॉर्मन' १८३० साली पामायरा या गावी छापलं गेलं. स्मिथच्या सांगण्याप्रमाणे मोरोनी नावाच्या देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून. त्यात जेरुसलेमहून ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास निघून अमेरिकेत पोचलेल्या कुटुंबाची कथा आहे, आणि पुनरुत्थानानंतर येशू तिथे प्रकटल्याचं वर्णन. पुरातत्त्वज्ञांना त्या संस्कृतीचा मागमूस लागलेला नाही. पण विश्वास ठेवायला पुरावा लागतो म्हणाल तर पाण्याचा द्राक्षारस झाल्याचा तरी कुठे आहे. नुसत्या जादा ग्रंथावरून कुणाला बाहेर काढावं असं मला वाटत नाही. त्याचा दाखला मॉर्मन घराण्यातच आहे. स्मिथच्या मृत्यूनंतर जे नव्या पुढाऱ्याबरोबर, ब्रिगम यंगबरोबर, युटाला गेले नाहीत त्यांची 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' ही शाखा बुक ऑफ मॉर्मन ठेवते, तरी त्रैक्य मानते, आणि २०१० पासून अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेत बसते. पुस्तक तेच, पण देवाची व्याख्या बदलली नाही म्हणून पंगतीला जागा मिळाली.

बाप्तिस्म्याचं पाणी

सगळी चौकशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खरा निकाल त्रैक्याच्या वादात लागत नाही, पाण्यात लागतो.

कॅथलिक चर्च बाप्तिस्म्याच्या बाबतीत कमालीचं उदार आहे. लूथरनाने दिलेला चालतो, बॅप्टिस्टाने दिलेला चालतो. बाळ मरणाच्या दारात असेल तर हॉस्पिटलमधली हिंदू नर्ससुद्धा डोक्यावर पाणी ओतून 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' म्हणू शकते. चर्चला अभिप्रेत आहे ते करण्याचा तिचा हेतू असला की पुरे. मॉर्मन बाप्तिस्म्यात पाणीही आहे, पूर्ण बुडवून. तीन नावंही आहेत. तरी ५ जून २००१ रोजी व्हॅटिकनने तो ग्राह्य आहे का या प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिलं. पत्रावर कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट. कारण असं की नावं तीच असली तरी त्यांनी ओळखला जाणारा देव तो नाही. नर्सला धर्मशास्त्र ठाऊक नसतं, म्हणून ती चर्चच्या अर्थावर सोडून देते. मॉर्मन पुरोहिताला स्वतःचा अर्थ पक्का ठाऊक असतो, म्हणून तो सोडून देत नाही. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांनीही २००० साली ठरवलं की मॉर्मनांतून येणाऱ्यांना नव्याने बाप्तिस्मा द्यायचा.

हे वाचून मॉर्मनांवर अन्याय झाल्यासारखं वाटत असेल, तर नाणं उलटं करा. वसईतला कॅथलिक उद्या मॉर्मन व्हायला गेला तर ते त्याला काय करतील? पुन्हा बाप्तिस्मा. आधीचा पोपच्या हातून झालेला असला तरी. त्यांच्या मते प्रेषितांनंतर अधिकारच पृथ्वीवरून गेला आणि तो १८२९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः येऊन स्मिथला परत दिला. स्मिथच्या पहिल्या दर्शनाच्या वृत्तांतात तर बाकीच्या पंथांच्या कबुल्या देवाला किळसवाण्या आहेत असे शब्द आहेत. म्हणजे दरवाजा दोन्हीकडून बंद आहे. एकच फरक: ते आपल्याला 'ख्रिस्ती' म्हणायला तयार आहेत, अर्धवट ख्रिस्ती.

आपल्याकडचं एक जुनं प्रकरण

मॉर्मन मिशनरी १८५२ मध्येच मुंबईला उतरला होता. ह्यू फिन्डले त्याचं नाव. पुढे तो पुण्यालाही गेला, पण हाती फारसं लागलं नाही. त्याच वर्षी युटात बहुपत्नीत्व जाहीर झालं होतं (१८९० मध्ये ते सोडल्याचं जाहीर करावं लागलं), आणि ती बातमी त्याच्या पाठोपाठ इकडे आली.

पण मला आठवतात त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची काही वर्षं तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. त्रैक्य त्यांना पटेना, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी शंका, बिशप सांगतो म्हणून मानायची तयारी नाही. अँग्लिकन मंडळी हवालदिल. त्या दिवसांत रमाबाई ख्रिस्ती होत्या की नव्हत्या? पुण्याने एका शब्दात निकाल दिला होता: बाटली. समाजाचा रकाना असा एका दिवसात भरतो. धर्मशास्त्राचा रकाना भरायला वर्षं गेली. आणि रेव्हरंड टिळकांनी शेवटी, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' हा संघ काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. हे दोन रकाने वेगळे आहेत हे आपल्या माणसांना केव्हाच कळलं होतं.

मग मावशीला काय सांगितलं

शाळेच्या फॉर्मवर, बातमीत, शेजारीपाजारी बोलताना मॉर्मनांना ख्रिस्तीच म्हणावं. जो माणूस येशूचं नाव घेऊन रविवारी पाव मोडतो त्याला तू कोण हे मी सांगणार नाही. 'ऐतिहासिक ख्रिस्ती श्रद्धेतलेच' असं मात्र म्हणू नये, ते खरं नाही. इतिहासकार जॅन शिप्स यांनी सुचवलेलं नातं मला सगळ्यात जवळचं वाटतं: यहुदी धर्मातून ख्रिस्ती धर्म जसा निघाला, तसा ख्रिस्ती धर्मातून हा निघाला.

आणि चर्चच्या लग्नाच्या वहीत? तिथे गोड बोलून भागत नाही. मुलगा मेथडिस्ट असता तर हे 'मिश्र विवाह' ठरलं असतं, बिशपची परवानगी पुरली असती. मॉर्मन मुलगा चर्चच्या कॅनन कायद्यापुरता बाप्तिस्मा न झालेला. हिंदू जावई असता तर जी खास सूट काढावी लागली असती तीच इथे काढायची. ती नसेल तर लग्नच वैध नाही. मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन असं वचन मुलीला द्यावं लागेल, आणि त्या वचनाची मुलाला कल्पना असावी लागेल.

मावशी गप्प झाली. मी म्हटलं, तिकडेही एक आई बसली असेल. त्यांचं खरं लग्न टेम्पलमध्ये, या जन्मापुरतं नाही तर अनंतकाळासाठी 'बांधलं' जातं, आणि तिथे फक्त त्यांच्यातल्याच, परवाना मिळालेल्या माणसांना प्रवेश. आपली पोरगी आत जाऊ शकत नाही. म्हणजे त्या आईच्या लेकाचंही ते व्हायचं राहिलं. तीही कुणाला तरी फोन करून विचारत असेल, मुलगी कॅथलिक आहे म्हणे, म्हणजे आपल्यातलीच ना?

"ते फादरांशी बोलीन मी," मावशी म्हणाली. "डिसेंबरात येतायत दोघं. चहा नाही तर द्यायचं काय त्याला सकाळी?"

चहापत्ती नको, पण पाल्याचा काढा त्यांना चालतो. तिच्या परसात विहिरीकडेला गवती चहाचं हे एवढं बेट आहे.