रोजच्या कवितेसाठी जीबोर्डचा मराठी कीबोर्ड

पणजी-फोंडा बसमध्ये उभ्याने, एका हाताने दोन ओळी उतरवायच्या तर वहीपेक्षा फोन बरा. त्यात गोव्याच्या पावसाळ्यात वहीचं पान इतकं सर्द होतं की शाई फुटते. अँड्रॉइडवर गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड फुकट आहे आणि कवितेला पुरतो. फक्त तो नीट लावून घ्यायला हवा.

मराठी निवडताना रोमन अक्षरांतून मराठी किंवा थेट देवनागरी, असे पर्याय दिसतात. निरोपांना पहिला चालेल, कवितेला दुसराच घ्या. रोमनमधून लिहिताना ऱ्हस्वदीर्घ कीबोर्ड ठरवतो. ‘खाजन’चं (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) ‘खजान’ झालं तर मात्रा तेवढ्याच राहतात, पण लघुगुरूंचा, म्हणजे आखूड-लांब उच्चारांचा, क्रम बदलतो आणि वृत्त मोडतं. खाजन, देवचार (गावचा राखणदार), धालो (बायकांचं लोकनृत्य) हे आपले गोव्याचे शब्द सेटिंग्जमधल्या वैयक्तिक शब्दकोशात मराठीखाली घालून ठेवावेत. आपोआप दुरुस्ती बंदच असू द्या.

‘डोंगरदऱ्या’ लिहिताना ऱ, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. साधा र घेतला तर दऱ्यांचा दर्या होतो. शिवाय ‘र्य’मुळे आधीचा द गुरू होतो, ‘ऱ्य’मुळे तो लघुच राहतो. गझल लिहिणाऱ्यांनी इथे फार जपावं.

बोलून लिहिण्याची सोय मसुद्यापुरती ठीक. ओळी आपल्यालाच तोडाव्या लागतात.

ओवी-अभंगाची अक्षरं मात्र बोटांवरच मोजा. ‘किल्ला’ आपल्या लेखी दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये वेलांटी, हलन्त, काना वेगळे धरून सहा चिन्हं. त्यामुळे अक्षरसंख्या दाखवणाऱ्या बहुतेक ॲपचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी कविता स्वतःलाच पाठवून पाहावी. शार्दूलविक्रीडित वृत्ताची 19 अक्षरी ओळ लहान पडद्यावर कुठेही तुटते. 12व्या अक्षरानंतरच्या यतीवर, म्हणजे थांब्यावर, आपणच तोडलेली बरी. शेवटी आडवी रेघ आणि जागा सोडून नाव लिहिलं तर त्याचा यादीतला ठिपका होतो, म्हणून रेघ नकोच. रोज पाठवायला ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट यादी उत्तम: एका यादीत 256 जण मावतात, आणि दाद ज्याची त्याच्याकडून थेट आपल्याला येते. मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केलेला नाही त्यांना कविता पोचतच नाही, तेव्हा नवीन वाचकाला ते आधी करायला सांगावं.