मोबाईल स्टार्टर आठ महिन्यांनंतर: पेटी चांगली, खर्च सिमचा

फोनवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करणारी पेटी म्हणजे मोबाईल स्टार्टर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या पेटीला मी पाचपैकी एक तारा देऊन आलो होतो. आज चार देतोय. मधल्या काळात पेटी बदलली नाही, मला कळायला उशीर झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचं रान वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या अलीकडं. घरापासून विहीर अडीच किलोमीटर. पाच एचपीची मोटार, पावणेतीन एकर ऊस आणि वीस गुंठे हळद. शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आधी वडील आणि मग मी, बॅटरी घेऊन निघायचो. आता उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या दर पंधरवड्याला येतात, त्यामुळं घरातून कोणी सुखानं जाऊ देत नाही. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये सांगलीला गणपती पेठेत जाऊन 5200 रुपयांना ही पेटी आणली. बसवणावळ 500 वेगळी.

पेटी काय करते हे बहुतेकांना माहीत आहे. आत सिम, फोन लावला की उचलते, 1 दाबलं की मोटार चालू, 3 दाबलं की बंद. लाइट आली-गेली की स्वतः फोन करते आणि मराठीत सांगते. माझी पेटी 2जी वर चालते. यात जिओचं सिम चालत नाही, कारण त्यांचं नेटवर्क 2016 पासून थेट 4जी वरच उभं आहे. हे दुकानदारानं आधीच सांगितलं, त्याबद्दल त्याचे आभार. 4जी सिम घेणारी पेटी तेव्हा दीड हजारानं महाग होती, म्हणून घेतली नाही.

पहिले चार महिने एकही तक्रार नव्हती. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता अंथरुणातून मोटार चालू केली, तेव्हा वडील उठून बसले आणि म्हणाले, "परत एकदा फोन लाव, आवाज ऐकू दे." त्या एका रात्रीत पैसे वसूल झाले असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

मार्च सरला आणि पेटी गप्प झाली. मी फोन केला की उचलायची, मोटार चालू-बंद व्हायची, पण लाइट आल्याचा फोन येईना. मोटार ट्रिप झाली तरी फोन नाही. मला वाटलं बोर्ड गेला. कंपनीच्या नंबरवर तीन दिवस फोन केले, चौथ्या दिवशी माणूस आला. त्यानं 300 रुपये घेतले, पेटी उघडली, सिम काढून स्वतःच्या मोबाईलमध्ये घातलं, तर धडाधड मेसेज आले. तुमचा पॅक उद्या संपतोय. तुमचा पॅक आज संपला. तुमची आउटगोइंग सेवा बंद झाली आहे. सगळे मेसेज विहिरीवरच्या त्या पत्र्याच्या पेटीत येऊन पडले होते आणि ते वाचायला तिथं कोणी नव्हतं.

"काका, पेटीला काही झालेलं नाही. रिचार्ज मारा," एवढं सांगून तो गेला.

पॅक 199 रुपयांचा, 28 दिवसांचा. पहिला 15 नोव्हेंबरला मारला, म्हणून माझ्या डोक्यात 15 तारीख बसली होती. पण 28 दिवसांच्या पॅकची तारीख मागं सरकत जाते: 13 डिसेंबर, 10 जानेवारी, 7 फेब्रुवारी, 7 मार्च. रिचार्ज पुण्याला असलेला पुतण्या मारायचा. एप्रिलच्या सुरुवातीला त्याची परीक्षा होती आणि 3 तारखेला पॅक संपला. वर्षात महिने बारा आणि रिचार्ज तेरा. तेरा वेळा 199 म्हणजे 2587 रुपये, पेटीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे, दरवर्षी. पूर्ण 30 दिवसांचा किमान एक पॅक ठेवा असा आदेश ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना दिला होता. तसे पॅक निघाले, पण दुकानात "साधा रिचार्ज" मागितला की आजही 28 दिवसांचाच मिळतो.

आणि त्या 199 मध्ये 2 जीबी डाटा असतो. माझ्या मोटारीला डाटा कशाला? ती 2जी ची पेटी डाटा वापरतच नाही. दिवसाला चार फोन, तेही वीस-वीस सेकंदांचे. पाच रिचार्जचे मिळून 10 जीबी मी विकत घेतले आणि एक अक्षरही वापरलं गेलं नाही.

इथं मी चूक केली, ती सांगतो, म्हणजे दुसरा कोणी करणार नाही. गावातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता की ट्रायच्या नियमानं सिमवर 20 रुपये असले की सिम चालू राहतं. मी विचार केला, मोटारीला इनकमिंग पुरतं, मग 199 कशाला? 20 चा टॉपअप मारला. खात्यावर 14 रुपये 95 पैसे जमा झाले. पेटी फोन उचलत होती. तीन-चार दिवस मी खूश होतो की 179 रुपये वाचवले.

11 एप्रिलच्या रात्री नऊला मोटार चालू केली आणि बाराला बंद करायची ठरवली. बाराला फोन लावला, तर या क्रमांकावर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही असा आवाज. पुन्हा लावला, तेच. पॅक संपल्यावर आधी आउटगोइंग तुटतं, काही दिवस इनकमिंग चालतं, मग तेही तुटतं. ते "काही दिवस" नेमके त्या रात्री संपले. चालू करायचा फोन लागला आणि बंद करायचा लागला नाही.

गाडी काढून गेलो. पोचेपर्यंत पाणी सरीतून बाहेर पडून बांधावरून शेजारच्या आण्णांच्या रानात गेलं होतं. आण्णांनी शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली होती. कडेची दोन पोती भिजली. आण्णा काही बोलले नाहीत. मी सकाळी माझ्या घरातली दोन पोती नेऊन टाकली, तेव्हा एवढंच म्हणाले, "बाळ, माझी आठ दिवस वाळलेली होती." ते वाक्य मला अजून लागतं. आणि आमच्या पट्ट्यात जादा पाणी ही साधी गोष्ट नाही. कृष्णाकाठची कितीतरी रानं जास्तीच्या पाण्यानं क्षारपड होऊन बसली आहेत, ज्यांची गेली त्यांना विचारा.

तो 20 रुपयांचा नियम खरा आहे, पण अर्थ वेगळा आहे. 2013 पासून असा नियम आहे की सिम 90 दिवस वापरलं नाही तरी खात्यावर किमान 20 रुपये असतील तर ते कापून नंबर आणखी 30 दिवस तुमच्या नावावर ठेवायचा. नंबर राहतो, सेवा राहत नाही. शिवाय 20 चा टॉपअप मारून खात्यावर 20 रुपये जमाही होत नाहीत, हे मी वर सांगितलंच. पूर्वी इनकमिंग आयुष्यभर फुकट मिळायचं, त्या सवयीनं आपण फसतो. 2018 च्या अखेरीपासून इनकमिंगसाठीही रिचार्ज लागतो.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचं सिम असतं तरी हेच झालं असतं. कस्टमर केअरच्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही जास्त डाटाचा प्लॅन घ्या." मी म्हणालो, ताई, हे सिम मोटारीत आहे. ती म्हणाली, "सर, कोणत्या मोबाईलमध्ये?" तिच्यासमोरच्या यादीत मोटार नव्हतीच, त्यात तिचा दोष नाही.

मग शोधायला लागलो, तेव्हा कळलं की ट्रायनं 23 डिसेंबर 2024 ला नियम बदलला आहे. प्रत्येक कंपनीनं फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डाटा नसलेला किमान एक पॅक दिलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारी 2025 पासून असे पॅक आले. म्हणजे माझ्या कामाचा पॅक आल्यावरही मी दोन वेळा 199 भरत राहिलो. आमच्या रिचार्जवाल्यालाही माहीत नव्हतं, शोधून मी त्याला दाखवला. 365 दिवसांचा, 1849 रुपयांचा. 12 एप्रिलला मारला. दिवसाला पाच रुपये पडतात. तेरा वेळच्या 199 पेक्षा वर्षाला 738 रुपये वाचले आणि मुख्य म्हणजे तारीख वर्षातून एकदाच लक्षात ठेवायची. ती मी स्टार्टरच्या पेटीवर आतून खडूनं लिहिली आहे आणि घरात कॅलेंडरवर.

तरी 1849 मला पटलेले नाहीत. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं वीज मोफत केली आहे. म्हणजे माझी मोटार फुकट फिरते आणि तिला "फिर" म्हणायचे 1849 रुपये लागतात. यंत्रासाठी वेगळं सिम असतं, ते 2018 पासून सुरू झालेल्या 13 आकडी नंबरांचं. स्मार्ट मीटरमध्ये आणि गाड्यांच्या जीपीएसमध्ये अशी यंत्रांची सिम असतात. ठरावीक नंबरांशीच बोलायचं असा त्यांचा नियम, म्हणजे अगदी माझ्या पेटीच्या मापाचं. पण ही सिम कंपन्यांच्या नावावर निघतात, आणि पाच एचपीवाला शेतकरी दुकानात जाऊन मागतो तेव्हा त्याच्या हातात माणसाचंच सिम आणि माणसाचाच पॅक पडतो. ट्रायनं डाटाशिवायचा पॅक काढायला लावला, तसाच शेतीपंपासाठी वर्षाला तीन-चारशे रुपयांचा पॅक काढायला लावला पाहिजे. स्टार्टर बनवणाऱ्यांनीही पेटीत सिम घालूनच विकावं. मी त्याचे वर्षाचे पाचशे आनंदानं देईन.

आता पेटीबद्दल, कारण एप्रिलमध्ये मी तिला विनाकारण शिव्या दिल्या. त्या रात्री विहीर उपसत आली होती. मी पोचलो तेव्हा मोटार बंद होती, पेटीनंच बंद केली होती. पाणी असताना माझी मोटार साडेसात-आठ अँपिअर ओढते, पाणी सुटलं की चार-साडेचारवर येते. पेटी ते ओळखून मोटार थांबवते. नाहीतर वाइंडिंग जळून सहा-सात हजारांना गेलं असतं. तिनं मला फोनही केला असणार, पण आउटगोइंग बंद होतं. यासाठी एक तारा लगेच वाढवला.

मे महिन्यात वळवाच्या पावसात कडाडलं आणि बोर्ड खरंच गेला. वॉरंटी एक वर्षाची, पण विजेनं गेलं तर लागू नाही, असं बिलाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं. 1700 रुपये गेले. पाचवा तारा त्यासाठी कापला. आता ढग आले की मेन खाली पाडतो.

तिसरी गोष्ट ऑटोची. पेटीत ऑटो मोड असतो, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. आमच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, 14 मोटारी आहेत, त्यातल्या नऊ ऑटोवर होत्या. लाइट आली की नऊ मोटारी एका क्षणात उठायच्या, व्होल्टेज कोसळायचं, फ्यूज उडायचे. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे वायरमननं समजावून सांगितलं. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरणही सारखं सांगत असतं, तेही यासाठीच. ऑटो पूर्ण काढायला कोणी तयार होईना. म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांना डीपीपाशी बोलावलं. पेटीत "ऑन डिले" असतो, म्हणजे लाइट आल्यावर किती वेळानं सुरू व्हायचं. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटांचा फरक वाटून दिला. आण्णांची पहिली, माझी सगळ्यात शेवटची, सोळाव्या मिनिटाला. ज्यांच्याकडं कपॅसिटर नव्हते त्यांनी ते आणले. तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत आमच्या डीपीचा फ्यूज एकदाही उडाला नाही. हे पेटीच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापायला हवं, आणि ते शेवटच्या पानावर एका ओळीत आहे.

घेणाऱ्यांनी थोडं लक्षात ठेवावं. अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढा, आत ठेवली की रेंज जाते. सिम स्वतःच्या नावाचं घ्या आणि पेटीत घालायच्या आधी जाहिरातींचे फोन बंद करून घ्या, 1909 वर. नाहीतर मोटार बंद करायच्या वेळी कर्जवाल्याचा फोन चालू असतो आणि आपला लागत नाही. माझं दोनदा झालं. आज घ्यायची झाली तर मी दीड हजार जास्त देऊन 4जी वाली घेईन, म्हणजे जे सिम स्वस्त असेल ते घालता येईल.

आता जुलै चालू आहे. महिनाभर पाऊस आहे, मोटारीला हात लावलेला नाही, दिवाळीपर्यंत फारसा लागणारही नाही. पेटी विहिरीवर बंद आहे आणि पॅकचे 365 दिवस चालूच आहेत. काल मोजले, 93 गेले.