होसा की गाबोरीक: जुने सामने बघायचेच तर कोणाचे?

एखाद्या स्लोव्हाक आइस हॉकीपटूची अख्खी कारकीर्द जुन्या सामन्यांतून बघायची म्हटली की माझ्यापुढे फिरून फिरून दोनच नावं येतात: मारियान होसा आणि मारियान गाबोरीक. (झ्देनो चारा आहेच, पण बचावपटूंच्या वाटेला इथे जात नाही.) दोघेही दुक्ला त्रेंचिन या स्लोव्हाक क्लबच्या तालमीतले, दोघेही स्टिक डावीकडे धरून उजव्या विंगवर खेळणारे, वयात अंतर जेमतेम तीन वर्षांचं. तरी निवड वाटते तितकी सोपी नाही.

पहिल्या फटक्यात भुरळ घालतो तो गाबोरीक. एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमधल्या मिनेसोटा वाइल्ड या नव्या संघाने 2000 साली ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सगळ्यात आधी निवडला तो हाच, आणि संघाचा पहिलावहिला गोलही त्याचाच. प्रशिक्षक जाक लमेअरचा तो संघ बचावावर जगणारा. त्यात हा एकटा सुसाट. 20 डिसेंबर 2007 चा न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धचा सामना शोधून बघाच. एकट्याने पाच गोल, आणि जाळ्यासमोर गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट, कोणी ऐरागैरा नव्हे. दीड वर्षाने रेंजर्सनीच त्याला घेऊन टाकलं, यात नवल नाही.

माझं घोडं अडलं ते दुखापतींपाशी. मोसम लावावा, गडी रंगात यावा, आणि पुढच्या सामन्यात बघावं तर यादीत नावच नाही. कधी जांघेचा स्नायू, कधी खुबा. 2008-09 मध्ये तर तो जेमतेम 17 सामने खेळला. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण ओळीने बघत जाणाऱ्याचा विरस होतो. तो कधी परततो हे शोधत सामन्यांमागून सामने पुढे ढकलत बसायचं, आणि परतला की पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यायचं. मला ते जमलं नाही, तुम्हाला जमेलही.

त्याच काळात होसाचं काय चाललं होतं बघा. 2008 च्या अंतिम फेरीत तो पिट्सबर्गकडून खेळताना डेट्रॉइटपुढे हरला. मग स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, हवा म्हणून पिट्सबर्गचा मोठा करार नाकारून एका वर्षासाठी थेट डेट्रॉइटला गेला, आणि 2009 मध्ये सातव्या सामन्यात हरला तो पिट्सबर्गकडूनच. त्या अंतिम फेरीत त्याच्या नावावर एकही गोल नाही. तिसऱ्या वर्षी शिकागो, आणि पुन्हा अंतिम फेरी. सलग तीन वर्षं, तीन संघ. असं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. या वेळी कप मिळाला, पुढे 2013 आणि 2015 मध्येही.

पण 2010 चा अंतिम सामना राहू द्या, पहिल्या फेरीतला नॅशव्हिलविरुद्धचा पाचवा सामना आधी बघा. शिकागो एका गोलने मागे, घड्याळात मिनिटभर उरलेलं, आणि होसा प्रतिस्पर्ध्याला रिंकच्या कडेच्या फळीवर ढकलून पाच मिनिटं बाहेर बसायची शिक्षा ओढवून घेतो. एक खेळाडू कमी असतानाही पॅट्रिक केन बरोबरी साधून देतो. जादा वेळेत होसाची शिक्षा संपते, तो शिक्षेच्या पेटीतून बाहेर येतो, जाळ्याजवळ पोचतो आणि सामना संपवतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. होसा हायलाइट्समध्ये कळत नाही. पक (खेळातली रबरी चकती) प्रतिस्पर्ध्याकडे गेला की हा उलट फिरून मागे धावणार, प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागून येऊन आपल्या स्टिकने त्याची स्टिक हलकेच उचलणार, पक सुटला की घेऊन निघणार. कॅमेरा बऱ्याचदा तोवर दुसरीकडे असतो. त्यामुळे सामना अख्खा बघायची तयारी हवी.

हाताशी एकच संध्याकाळ असेल तर गाबोरीक घ्या, बिनधास्त. महिनाभर सवड असेल तर मी होसाच म्हणेन, तेही 2008 च्या प्लेऑफपासून (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांपासून). त्याची ओटावा संघातली आधीची वर्षं नंतर सवडीने. मध्येच चव बदलायला गाबोरीकच्या तेव्हाच्या संघाचा, लॉस एंजेलिसचा, 2014 चा प्लेऑफ ठेवा. गाबोरीकचे 14 गोल, त्या वर्षी सगळ्यांत जास्त, आणि 26 पैकी एकही सामना चुकवलेला नाही.