जडावकामाच्या खाचेसाठी घेतलेला राउटर रंधा: चार महिन्यांच्या वापरानंतर

देवघराच्या सागवानी दारात शिसवाच्या कमळपाकळ्या जडवण्याचे काम या उन्हाळ्यात भुसावळला घरीच केले आणि त्यासाठी हाताने चालवायचा राउटर रंधा, म्हणजे खाचेचा तळ सगळीकडे सारख्या खोलीचा करणारे हत्यार, पहिल्यांदाच विकत घेतला. पाकळी कापणे त्यामानाने सोपे असते. तिच्या खाचेचा तळ मात्र एका बाजूला केसभर जरी खोल गेला, तरी पाकळी तिथे दबते, आणि वरून घासून सपाटी आणू गेल्यास दुसऱ्या टोकाचे पातळ शिसव झिजून जाते. नुसत्या पटाशीने असा तळ साधायला फार मुरलेला हात लागतो. विजेचा छोटा राउटर भराभर काम उरकतो, पण त्याचे बिट, म्हणजे कापणारे टोक, गोल फिरत असल्यामुळे पाकळीचे अणकुचीदार टोक त्याला कोरता येत नाही. ते शेवटी पटाशीनेच काढावे लागते.

या रंध्याचे पाते इंग्रजी 'एल' अक्षरासारखे वळलेले असून बैठकीच्या, म्हणजे रंध्याच्या सपाट बुडाच्या, खाली उतरते. बैठक दाराच्या पृष्ठभागावर टेकलेली राहते, त्यामुळे पाते ठरवलेल्या खोलीपलीकडे जात नाही. खोली ठरवताना मी मोजपट्टी वापरलीच नाही. काचेवर बैठकीच्या दोन्ही बाजूंखाली एकाच जाडीच्या दोन पाकळ्या ठेवल्या, पाते काचेला टेकेपर्यंत खाली सोडले आणि मग किंचित वर घेऊन कसले. तेवढ्याने पाकळी जडवल्यावर जराशी वर राहते आणि नंतर तासून सपाट करता येते. आधी धारदार सुरीने कड कापून घ्यावी, पटाशीने जास्तीचे लाकूड काढावे आणि रंधा शेवटी, थोडे थोडे पाते उतरवत चालवावा. सागाच्या पातळ साली कागदासारख्या निघू लागल्या की तळ जुळत आल्याचे हातालाच कळते.

दोष दोन आढळले. पाते कारखान्यातून बोथटच आले होते आणि त्याची खालची बाजू दगडावर सपाट करण्यात एक अख्खी दुपार गेली. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: पाते आवळण्याचा स्क्रू जोर पडताच ढिला होत असे, आणि एका खाचेत पाते सरकून तळाला पायरी पडली. विक्रेत्याकडे तक्रार केली, पण उत्तर आले नाही. अखेर स्थानिक लेथवाल्याकडून नवा स्क्रू करून घेतला, तेव्हापासून पाते हललेले नाही. रुंद खाच करायची असेल, तर बैठकीच्या भोकांतून स्क्रू मारून खाली लांब लाकडी फळी जोडावी, नाहीतर बैठकच खाचेत उतरते.

आपल्याकडे मे महिन्यात लाकूड पार सुकलेले असते आणि पावसाळ्यात ते फुगते, म्हणून पाकळ्यांच्या लाकडातल्या रेषा दाराच्या लाकडातल्या रेषांना समांतर ठेवल्या होत्या. श्रावणात सगळ्या कडांवरून नख फिरवून पाहिले. ते एकाच पाकळीला अडकले, आणि ती पायरी पडलेल्या खाचेतली आहे.