जुनी जग्वार ई-टाइप: मूळ इंजिनाची की नव्याने बांधलेली?

कोणती घेऊ, यावर इंग्लंडमधला भाचा अडलाय. समोर जग्वारच्या दोन ई-टाइप स्पोर्ट्स कार, दोन्ही १९६५च्या, ४.२ लिटर इंजिनाच्या. एकीचं इंजिन मूळचंच, दुसरीचं बदललेलं आणि बॉडीचा पत्राही नवा.

त्याला म्हटलं, आधी अस्सलपणा बघ. जग्वारच्या हेरिटेज ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, दाखल्यावर चॅसी (गाडीचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स, बॉडीचे कारखान्यातले क्रमांक असतात. ते गाडीवर स्वतः वाच. इंजिन ब्लॉकवर आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की आकडे बदललेत अशी शंका येते, माझा तर विश्वासच उडतो.

किंमत पहिलीची जास्त, पण विकतानाही तीच टिकते. गंज मात्र तिच्याच जुन्या पत्र्यात; खाली वाकून टॉर्चने फ्लोअर बघ. दुसरीत ती धास्ती कमी, पण कामाची बिलं, फोटो हवेतच.

जपून ठेवायची तर पहिली. दर रविवारी पळवायची तर दुसरी घे, पण पहिलीच्या भावात नको.