एक पावसाळा काढल्यावर: कोकणातल्या घरासाठी इंटिरियर डिझायनर

आमचं घर रत्नागिरीला, मिऱ्याच्या बाजूला. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे नंतर बांधलेला स्लॅबचा भाग. स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या आणि माजघर एवढं काम एका डिझायनरकडून करून घेतलं. काम संपलं तेव्हाच लिहायला अनेकांनी सांगितलं होतं, पण नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं. इथे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि खारा वारा बारा महिने असतो. तो काळ काढल्याशिवाय मत देण्यात अर्थ नव्हता. आता देते.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. डिझायनर साधारण तीन तऱ्हांनी पैसे घेतात: चौरस फुटावर, एकूण खर्चाच्या टक्केवारीवर किंवा ठरलेली एकरकमी फी. चौथा प्रकार म्हणजे सगळं कामच त्यांच्याकडे, सामान आणि मजुरीसकट. आम्ही ठरलेली फी घेतली आणि सुतार, रंगारी, प्लंबर यांची बिलं थेट आम्ही दिली. माझ्या मते इथल्या घरांसाठी हेच बरं. सामान महाग घेतल्याने डिझायनरचा फायदा होत नाही, त्यामुळे तिचा सल्ला निर्धास्तपणे ऐकता येतो. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो, तो आधीच विचारून घ्या. साइटवर किती वेळा येणार आणि गाडीखर्च कोणाचा, हेही कागदावर हवं. आमची डिझायनर कोल्हापूरची, आंबा घाट उतरून यायची, म्हणून हा मुद्दा मोठाच होता.

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही. त्यामुळे पदवीचं प्रमाणपत्र, मोबाइलवरचे फोटो यांवर न थांबता त्यांनी केलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं घर बघायला मागा, आणि तेही समुद्राजवळचं. आम्हाला तिने गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं एक घर दाखवलं. तिथे मी दिवाणखाना बघितला नाही. सिंकखालचं कपाट उघडलं, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या वॉर्डरोबमध्ये डोकं घालून वास घेतला, बिजागऱ्या बघितल्या. घरमालकीणबाईंनीही मोकळेपणाने सांगितलं काय टिकलं आणि काय नाही. तिथेच आमचं ठरलं.

पहिल्या भेटीत तिने रंगांचं काही काढलंच नाही. झड कुठल्या बाजूने येते, पावसाळ्यात पडवीला झापं बांधता का, मासे कुठे साफ करता, गणपतीत किती माणसं राहायला असतात, हे विचारलं. मासे मागच्या दारी साफ करतो म्हटल्यावर तिथेच कडाप्प्याचा ओटा, नळ आणि वर छोटं छप्पर आलं. रोज वापरते त्यातली ही सगळ्यांत चांगली गोष्ट.

माजघरात मात्र मतभेद झाला. थ्रीडी चित्रात तिथे फॉल्स सीलिंग होतं, दिसायला सुंदर. सासूबाई म्हणाल्या, "अगो, मग माटवी कुठे टांगायची?" माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची लाकडी चौकट. डिझायनरला हे माहीत नव्हतं. तिने बसून सगळं ऐकून घेतलं: चौकट केवढी असते, आंब्याचे टाळे, कवंडळं, नारळ बांधल्यावर वजन किती होतं. मग सीलिंग रद्द करून तुळया तशाच ठेवल्या, त्यांना स्टीलचे हुक लावले आणि माटवीच्या बाजूला दिव्यांसाठी एक पॉइंट दिला. खालचा लाल कोबाही काढू दिला नाही, त्यासाठी ती आमच्याआधी भांडली. जो डिझायनर स्वतःचं चित्र असं खोडायला तयार होतो, त्याला काम द्यावं.

थ्रीडीवर भाळू नका, असं सगळेच सांगतात. त्यापेक्षा वर्किंग ड्रॉइंग मागा: प्रत्येक कपाटाची मापं, प्लग जमिनीपासून किती उंचीवर, पाण्याची लाइन कुठून. आणि त्यासोबत सामानाची यादी. आमच्या यादीत प्रत्येक खोलीपुढे प्लायचा ग्रेड लिहिलेला होता. स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या भिंतीला आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा मरीन प्लाय, ज्याचे नमुने ७२ तास उकळून तपासतात. कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, कुठेच नाही, कारण कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. प्लाय उतरवताना शिक्का बघून फोटो काढून ठेवा. सुतारकामाआधी वाळवीची फवारणी करून घेतली, ती यादीत पहिलीच ओळ होती.

बाहेरच्या भिंतीचा विषय कोकणात सगळ्यांत महत्त्वाचा. चिरा पाणी पितो. त्या भिंतीला वॉर्डरोब चिकटवला की मागे बुरशी आलीच. तिने वॉर्डरोब आतल्या भिंतींना घेतले. एक नाइलाजाने बाहेरच्या भिंतीला आला, त्याच्यामागे मोकळी जागा सोडली आणि दारांना खाली-वर जाळीच्या फटी ठेवल्या. श्रावणापर्यंत आतल्या कपाटांतल्या साड्या कोरड्या होत्या. बाहेरच्या भिंतीच्या या एकात चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसली, लाकडाला काही नाही. चामडं आता तिथे ठेवत नाही.

लोखंडाचा त्रास झालाच. पडवीकडच्या झडपांना ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि बिजागऱ्या लिहिल्या होत्या. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ दर्जाच्या स्टीलपेक्षा जास्त टिकतं. ठेकेदाराने साधे झिंक चढवलेले स्क्रू मारले. आषाढातच त्यांच्याखालून लॅमिनेटवर तांबडे ओघळ आले. यादीवर त्याची सही होती आणि त्याच्या पैशांतले शेवटचे १० टक्के आम्ही गणपतीपर्यंत राखून ठेवले होते, म्हणून त्याने मुकाट बदलून दिले. ही अट काम सुरू होण्याआधी घाला, नंतर कोणी ऐकत नाही. डिझायनरने स्वतः येऊन कोणते बदलायचे ते खुणा करून दाखवलं, याचं मला फार बरं वाटलं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर सांगितलेल्या तारखेवर भरवसा ठेवू नका. शिमग्याला कारागीर गावी जातात आणि ते योग्यच आहे. आमचं काम दिवाळीनंतर सुरू होऊनही आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाला, येऊन टेकलं. दारांचं पॉलिश राहिलं होतं. रंगारी घाईने उरकायला तयार होता, पण दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते, म्हणून तिने थांबवलं. दारं पावसाळाभर तशीच राहिली, पाहुण्यांनी नावं ठेवली. ऑक्टोबरात उन्हं पडल्यावर पॉलिश झालं आणि ते उत्तम बसलंय.

खर्च अंदाजापेक्षा वाढला. बराचसा आम्हीच मागाहून सांगितलेल्या बदलांमुळे, प्रत्येकाची किंमत तिने आधी लिहून पाठवली होती. मला न पटलेल्या दोनच गोष्टी: स्वयंपाकघरातले उघडे कप्पे, ज्यांवर फोडणीचा चिकटा बसतो, आणि काळे मॅट हँडल, ज्यांवर खाऱ्या हाताचे डाग उठतात. कप्प्यांना आता काचेची दारं लावून घेतोय. वरच्या खोलीचं काम पुढच्या दिवाळीनंतर तिलाच देणार आहोत, या वेळी स्क्रूची पाकिटं मात्र आम्हीच आणून देणार.