ज्यूलिया आणि रिव्हाइज: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पुराच्या पाण्याची पातळी काढणाऱ्या एका मॉडेलवर मी काम करते. मॉडेल ज्यूलिया या प्रोग्रामिंग भाषेत आहे, त्याचं पॅकेज, म्हणजे कोडचा बांधलेला संच, माझंच आहे, आणि सकाळी उघडलेलं सेशन, म्हणजे चालू ठेवलेली ज्यूलिया, संध्याकाळपर्यंत बंद करायचं नाही ही माझी पद्धत आहे. डेटा एकदा चढवायचा, मग फंक्शनं बदलत राहायचं, चालवत राहायचं. अशा कामात एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते: एडिटरमध्ये जो कोड दिसतोय तोच आत चालतोय का? बदल केला, सेव्ह केला, उत्तर तेच आलं. मग त्या बदलाने खरंच फरक पडत नाही, की आधी कंपाइल झालेलाच, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेलाच, कोड पुन्हा चालला? याचं उत्तर खात्रीने मिळत नसेल तर दिवसभराचे आकडे संशयात जातात.

ज्यूलियाचं हे दुखणं जुनं आहे. एका फंक्शनाने दुसऱ्याला बोलावलं, दोन्ही कंपाइल झाली, मग आतल्याची व्याख्या बदलली, तरी बाहेरचं जुनंच उत्तर द्यायचं. २०११ मध्ये २६५ क्रमांकाने नोंदलेली ही त्रुटी २०१७ च्या ०.६ आवृत्तीत सुटली. जेमसन नॅश यांनी केलेला तो बदल मला फार आवडतो. प्रत्येक नव्या व्याख्येबरोबर एक आकडा वाढतो, त्याला 'वर्ल्ड एज' म्हणतात. कंपाइल झालेल्या प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत ग्राह्य आहे याची नोंद असते. कोण कोणावर अवलंबून आहे हेही लिहिलेलं असतं, त्यामुळे आतलं बदललं की बाहेरचं बाद होतं आणि पुढच्या वेळी नव्याने कंपाइल होतं.

म्हणजे सेशनच्या आतला हिशेब चोख आहे. उरतं ते फाइल आणि सेशन यांच्यातलं अंतर, आणि तिथे टिम होली यांचं रिव्हाइज हे पॅकेज लागतं. ते फाइलींवर नजर ठेवतं, तुम्ही पुढची आज्ञा दिलीत की ती चालवण्याआधी बदललेल्या व्याख्या तेवढ्या शोधून लागू करतं, आणि फाइलीतून पुसलेल्या मेथड (एकाच फंक्शनाच्या, वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी लिहिलेल्या व्याख्या) सेशनमधूनही काढतं. हे शेवटचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. समजा, एखादी मेथड आधी 'इंट' या पूर्णांकांच्या एकाच प्रकारासाठी लिहिली होती, मग ती सगळ्या पूर्णांकांसाठी म्हणून 'इंटिजर' केली. फाइल हाताने पुन्हा इन्क्लूड केली, म्हणजे सेशनमध्ये वाचून घेतली, तर नवी मेथड येते, पण जुनीही तशीच राहते. ती जास्त नेमकी, म्हणून साधा पूर्णांक दिला की निवड तिचीच होते. भाषेचा नियम तंतोतंत पाळला जातोय आणि तरी चालतोय कालचा कोड. रिव्हाइज असलं की ही भानगड संपते. ज्युपिटर या नोटबुकाच्या सेलमध्ये, म्हणजे कोडच्या चौकटीत, थेट लिहिलेल्या फंक्शनांवर मात्र त्याची नजर नसते, तिथे ती तशीच आहे. म्हणून टिकणारं काहीही मी नोटबुकात ठेवत नाही, पॅकेजच्या फाइलीत हलवते.

सगळ्यात चिवट शिळेपण मात्र कोडमध्ये नसतं. माझ्या पॅकेजात मॅनिंगच्या गुणांकांची, म्हणजे नदीपात्राचा खडबडीतपणा सांगणाऱ्या आकड्यांची, एक सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) आहे आणि ती मोड्यूलच्या, म्हणजे पॅकेजच्या कोडच्या, वरच्या पातळीवर, कुठल्याही फंक्शनाबाहेर, वाचून 'कॉन्स्ट'मध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या नावाखाली, ठेवलेली होती. एका नदीपात्राचा गुणांक ०.०३० वरून ०.०३५ केला. खडबडीतपणा वाढला तर तेवढ्याच प्रवाहाला पाणी उंच चढायलाच हवं, आणि पातळी हललीही नाही. सेशन बंद करून नवं उघडलं, तरी तेच. कारण पॅकेज प्रीकंपाइल होताना, म्हणजे आधीच कंपाइल करून डिस्कवरच्या कॅशमध्ये साठवलं जाताना, ती सीएसव्ही एकदाच वाचली जाते आणि तिच्यातले आकडे त्या कॅशमध्ये गोठतात. पुढे ज्यूलिया सोर्स फाइली बदलल्यात का ते तपासते, पण या सीएसव्हीबद्दल तिला कोणी सांगितलेलंच नसतं. 'इन्क्लूड_डिपेंडन्सी' ही ओळ त्यासाठीच आहे. ती लिहिली की डेटाची फाइल बदलल्यावर पुढच्या लोडला कॅश बाद होते. तक्ता वारंवार बदलणार असेल तर तो फंक्शनात किंवा पॅकेज लोड होताना दर वेळी चालणाऱ्या '__इनिट__'मध्ये वाचावा, हे अधिक चांगलं. 'काही झालं की रीस्टार्ट मार' हा सल्ला सरसकट दिला जातो, तो इथे पूर्ण निकामी ठरतो.

दुसरी जागा चालू लूपची. आलेख सतत ताजा ठेवणारा लूप वेगळ्या टास्कमध्ये, म्हणजे बाजूला चालणाऱ्या कामात, चालू असेल, तर तो सुरू झाला त्या वर्ल्ड एजमध्येच राहतो. मधे बदललेलं फंक्शन त्याला दिसत नाही, आणि हे जाणूनबुजून तसं ठेवलेलं आहे, वेगासाठी. बोलावणं 'इन्व्होकलेटेस्ट'मधून केलं की नवं फंक्शन मिळतं. त्याची किंमत दर बोलावण्याला मोजावी लागते, म्हणून ते बाहेरच्या लूपमध्ये ठेवावं, आतल्या लाखो फेऱ्यांच्या गणितात नको.

मॅक्रोचं, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या कोडचं, थोडक्यात: मॅक्रो बदलला तरी तो वापरून आधीच उलगडलेला कोड आपोआप बदलत नाही, 'रिव्हाइज'ला मोड्यूलचं नाव देऊन सगळं पुन्हा चालवून घ्यावं लागतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल बदलल्याची खबरच पोचत नसेल, तर 'ज्यूलिया_रिव्हाइज_पोल' हा पर्यावरण चल १ ठेवून पाहावा.

शंका आली की मी आधी प्रॉम्प्टचा, म्हणजे आज्ञा लिहायच्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणेचा, रंग बघते. पिवळा झाला असेल तर फाइलीत चूक आहे, नवा बदल लागू झालेला नाही आणि जुनीच व्याख्या चालू आहे. ही एक सोय मला इतर कुठल्याही साधनात इतकी डोळ्यासमोर मिळालेली नाही. रंग ठीक असेल तर '@व्हिच' लावून प्रत्यक्ष कोणत्या फाइलीतली, कोणत्या ओळीवरची मेथड निवडली जातेय ते पाहते. मग 'पाथऑफ', म्हणजे पॅकेज कोणत्या फोल्डरमधून लोड झालंय ते. पॅकेज 'ॲड' करून घेतलेलं असेल तर ते डॉट ज्यूलियाच्या फोल्डरमधल्या प्रतीतून चालतं आणि आपण दुरुस्त करत असतो दुसरीच प्रत. 'डेव्ह' केलं, म्हणजे आपल्याच फोल्डरमधून चालवायला सांगितलं, की हा गोंधळ मिटतो. ही तीन पावलं झाली की बहुतेक वेळा कारण सापडलेलं असतं.

रिव्हाइज मी प्रत्येकाला सुचवेन, आणि ते स्टार्टअप फाइलीत घाला असंही सांगेन, कारण आपल्या पॅकेजच्या आधी ते लोड व्हायला हवं. ज्यांना स्ट्रक्टमधली (आपण बनवलेल्या डेटाच्या प्रकारातली) फील्ड सारखी बदलावी लागतात त्यांनी ज्यूलियाच्या १.१२ आवृत्तीवर यावं. त्याआधी स्ट्रक्ट बदलला की नवं सेशन अटळ होतं, आता चालू सेशनमध्ये त्याची व्याख्या बदलता येते. फक्त आधी तयार करून ठेवलेल्या वस्तू जुन्याच प्रकाराच्या राहतात. माझ्या मॉडेलमध्ये नदीच्या छेदांची अख्खी यादी अशा वस्तूंची आहे, म्हणून स्ट्रक्टला हात लावला की ती यादी मी लगेच नव्याने बांधून घेते.